लाइन नंबर एकवर देवस्थळी साहेब

सोमवार, ६ जानेवारी

नवीन स्विच सुरू झाला. आईला फोनवर सांगितलं तर धुळ्याहून ती म्हणाली, "एक स्विच बसाडाले इंजिनेर लागस का?" तिला वाटलं दिव्याचं बटण. हा स्विच म्हणजे चपटा लोखंडी डबा आहे, आणि आमच्या यार्न कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर, मशीनचे पॅनल, गेटवरचा वजनकाटा, सगळ्यांच्या तारा त्यात येऊन मिळतात. त्याला काही सांगायचं तर काळ्या स्क्रीनवर टाइप करून आत शिरावं लागतं. आत जागा पाचच. सहावा आला की त्याला दारातूनच परत पाठवतो. शिवाय सर्व्हर रूममध्ये बसून निळी तार थेट डब्याला जोडली तर एक वेगळं मागचं दार आहे, ते या पाचांत धरत नाहीत.

मला एकट्यालाच आत जायचं असतं. पाच जागा म्हणजे चैन आहे.

एचआरची रसिका म्हणाली, "शंतनु, तुझं कन्फर्मेशन फेब्रुवारीत आहे. तोवर कुणाला दुखवू नकोस." मी कुणाला दुखवतच नाही. हाच माझा गुण आहे असं मला वाटतं.

गुरुवार, ९ जानेवारी

आज खुद्द जनरल मॅनेजर देवस्थळी साहेब सर्व्हर रूममध्ये आले. चोवीस वर्षं या कारखान्यात आहेत, पण या खोलीत पहिल्यांदाच. एसी जास्त आहे म्हणाले आणि स्टुलावर बसले.

"हेड ऑफिसचे मेल येत नाहीत रे मला. दिवाळीपासून. काही बिघाड आहे का बघ."

मी नीट तपासलं. दुपारभर तेच केलं. मग अभिमानाने सांगितलं, "साहेब, बिघाड अजिबात नाही. मॅनेजमेंटच्या ग्रुपमधून तुमचं नाव मुंबईहून काढलेलं आहे. आपली सिस्टिम एकदम व्यवस्थित आहे."

साहेबांनी मान डोलावली. समाधान झालं असावं. माझ्या स्क्रीनकडे बघत बसले. मी निळ्या तारेने आत होतो आणि 'शो युजर्स' टाइप केलेलं होतं.

"ही कसली यादी?"

"आत कोण कोण आहे त्याची, साहेब."

"यातून मुंबईवाले कुणाला काढू शकतात?"

"नाही साहेब. मुंबईहून इथवर पोचताच येत नाही. काढायचं तर फक्त मी काढू शकतो."

"मग मला घे यात."

घेतलं. नुसतं बघायची परवानगी देणार होतो, पण जनरल मॅनेजरला नुसतं बघायला कसं लावणार? म्हणून माझ्याएवढेच पूर्ण अधिकार दिले. यादीत नाव उमटलं तेव्हा साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. तंत्रज्ञानाची इतकी आवड या वयात क्वचितच दिसते.

शुक्रवार, १० जानेवारी

साहेब जेवून आले तर बाहेर फेकले गेलेले. थेट माझ्याकडे आले. चेहरा पडलेला. "मी जेवायला काय गेलो, लगेच काढलं मला?"

मी समजावलं की दहा मिनिटं काही टाइप केलं नाही तर स्विच स्वतःच माणसाला बाहेर काढतो. तो कुणालाच सोडत नाही.

"म्हणजे गप्प बसलं की काढतात."

"हो साहेब."

मग म्हणाले, माझ्यापुरतं हे बंद कर. मी मुदत शून्य केली. शून्य म्हणजे कधीच नाही. आता साहेब गप्प बसूनही आत राहू शकतात.

दुपारी महिन्याची आढावा बैठक होती. माझ्या रिपोर्टचं शेवटचं पान म्हणजे ती यादी. सेल्सच्या ममता मॅडमनी पान वर धरलं. "हे 'अॅक्टिव्ह युजर्स' म्हणजे काय?"

"जे सध्या आत आहेत ते, मॅडम."

"म्हणजे देवस्थळी साहेब अॅक्टिव्ह. आणि मी इनअॅक्टिव्ह?"

मी म्हणालो तसं नाही. पण तसंच होतं. पान टेबलभर फिरलं. परचेसच्या सुकदेव बोरसे साहेबांनी त्याचा मोबाइलवर फोटो काढून घेतला.

सोमवार, १३ जानेवारी

ममता मॅडम आत. अकाउंट्सचे भावेशभाई आत. प्रॉडक्शनचे तांबट साहेब आत. या तिघांना नुसतं बघायची परवानगी आहे. पाचवा मी. बोरसे साहेब धावत आले तोवर जागा संपल्या होत्या. त्यांना सांगितलं, कुणी बाहेर पडलं की तुम्ही. ते म्हणाले, "म्हणजे कधी?" मी म्हणालो, मुदत सगळ्यांनीच शून्य करून घेतली आहे. घरूनही आत राहता यावं म्हणून त्यांच्या लॅपटॉपवर कारखान्यापर्यंतची खासगी वाटही मीच करून दिली आहे.

आत शिरून कुणी काही करत नाही. काळ्या स्क्रीनवर पांढरी रेघ लुकलुकते, तिच्याकडे बघतात. मधूनमधून 'शो युजर्स' करतात, आपलं नाव बघतात, इतरांची किती वेळ हालचाल नाही ते बघतात. भावेशभाईंनी मला फोन करून सांगितलं की तांबट दोन तास हलले नाहीत, हे चालतं का?

अडचण वेगळीच निघाली. आतल्या जागेला लाइन म्हणतात, तिला नंबर असतो, आणि नंबर शून्यापासून सुरू होतात. साहेब पहिले आले म्हणून त्यांना शून्य मिळालं.

"शून्यावर? मी?"

"साहेब, यंत्रात शून्य म्हणजे पहिलाच."

"भावेश कितीवर आहे?"

"एकवर."

साहेबांनी तोंड फिरवलं. खिडकीतून बाहेर बघत राहिले.

मंगळवार, १४ जानेवारी

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, सुट्टी. आम्ही राहतो त्या आमलीत सगळे गच्चीवर. माझ्या समोरच्या इमारतीच्या गच्चीवर भावेशभाई. एका हातात मांजा, पायाशी चटईवर उघडा लॅपटॉप. त्यांची बायको ऊन लागू नये म्हणून त्यावर छत्री धरून होती. मला बघून ओरडले, "शंतनुभाई, चालू छे ने?" मी हात केला. त्यांचा पतंग तेवढ्यात कापला गेला, पण लक्षच नव्हतं त्यांचं.

बुधवार, १५ जानेवारी

आज साहेबांना एकवर नेलं.

स्विच येणाऱ्याला सर्वांत लहान मोकळा नंबर देतो. म्हणून दोघांनी बाहेर पडायचं, आधी भावेशभाईंनी आत जाऊन शून्य घ्यायचं, मग साहेबांनी एक. पण भावेशभाई अडले. साहेबांच्या आधी आपण आत कसं जायचं? साहेबही म्हणाले, प्रथा काय पडेल? अर्धा तास सर्व्हर रूममध्ये हेच चाललं. शेवटी तांबट साहेबांनी तोडगा काढला की भावेशभाई साहेबांच्या आधी जात नाहीत, ते फक्त दार उघडायला पुढे जात आहेत. हे सगळ्यांना पटलं. भावेशभाईंनी शून्य स्वीकारलं, फक्त लेखी मागितलं. रसिकाने पत्र टाइप केलं: "श्री. भावेश यांचे शून्यावर जाणे ही पदावनती समजण्यात येऊ नये."

प्रिंट काढताना ती मला म्हणाली, "तू एकदा तरी नाही म्हण ना."

"कशाला? काम तर होतंय."

"होतंय खरं," ती म्हणाली.

गुरुवार, २३ जानेवारी

मालकांचे पुतणे गौरव सर मुंबईहून आले आहेत. पंचविशीचे, पांढरे बूट. साहेब राउंडवर असताना त्यांनी साहेबांच्या केबिनची टेपने मापं घेतली. भिंत ते भिंत. नवीन एसी बसवणार असतील. साहेबांना एसीचा त्रास होतो हे मी त्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "नाही होणार त्यांना त्रास." मला त्यांचा समजूतदारपणा आवडला.

संध्याकाळी त्यांनीही आत जागा मागितली. पाचही भरलेल्या. मी माझी दिली. मालकांच्या घरच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? माझ्याकडे निळी तार आहेच.

आता पाच जागांवर पाच अधिकारी आहेत आणि नेटवर्क सांभाळणारा मी बाहेर आहे. लिहिताना जरा विचित्र वाटलं. पण सगळे खूष आहेत.

मंगळवार, २८ जानेवारी

साहेबांनी बोलावलं. "शंतनु, माझ्या पाठीमागे कुणी काही बदलू नये, अशी सोय असते का यात?"

असते. बदल करणारा एका वेळी एकच असावा म्हणून एक हुकूम आहे. तो दिला की बदल करायच्या खोलीला आतून कडी लागते. इतर लोक आत राहू शकतात, पण बदल कुणालाच करता येत नाही, जोवर कडी लावणारा स्वतः उघडत नाही किंवा त्याला बाहेर काढत नाहीत. मी कागदावर लिहून दिला. सुरक्षिततेची साहेबांना फार काळजी.

जाताना म्हणाले, "तुला काय वाटतं, माणूस किती वर्षं एका ठिकाणी राहू शकतो?"

मी म्हणालो, मुदत शून्य असेल तर कितीही, साहेब.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. रसिकाला सांगितलं तर ती जेवणाचा डबा बंद करून माझ्याकडे बघतच राहिली. "तुला खरंच कळत नाही?"

"कडीचा हुकूम? कळतो ना."

रविवार, २ फेब्रुवारी

उशीर झाला आहे. तरी सगळं लिहितो.

आमचा इलेक्ट्रिशियन झिपरू, त्याने त्याच्या गावी, सुरंगीत, घर बांधलं. आज घरभरणी होती. मी सकाळीच गेलो. जेवायला बसणार तेवढ्यात गेटवरून फोन. वजनकाट्याचा कॉम्प्युटर बंद पडला. वजनाची पावती निघत नाही, पावतीशिवाय बिल निघत नाही, बिलाशिवाय ट्रक हलत नाही. परदेशी जाणारा पहिलाच मोठा माल, कंटेनर आज संध्याकाळी न्हावाशेव्याला पोचला नाही तर जहाज चुकणार, आणि जहाज चुकलं तर ते गिऱ्हाईक गेलं.

फोनवरच उलगडलं. तांबट साहेबांनी काल वजनकाट्याच्या तारेला स्वतःचा वायफायचा डबा लावला होता, म्हणजे गेटवर उभं असतानाही त्यांची जागा शाबूत राहील. स्विचला अनोळखी डबा दिसला. त्याने वजनकाट्याची तार जिथे लागते ते दारच बंद केलं. बरोबरच केलं त्याने. डबा काढायला लावला, पण दार आपोआप उघडत नाही. आत जाऊन उघडावं लागतं.

सुरंगीत इंटरनेट फक्त झिपरूच्या पाण्याच्या टाकीवर येतं. शिडी लावून चढलो. लॅपटॉप मांडीवर घेतला, आत जायला गेलो. नकार. पाचही जागा भरलेल्या.

पहिला फोन तांबट साहेबांना. "मी बाहेर पडतो ना. पण भावेश आधी पडू दे. तो नंतर म्हणेल, मीच आधी गेलो."

भावेशभाई म्हणाले, त्यांच्याकडे लेखी आहे. त्यात शून्यावर जाण्याचा उल्लेख आहे, शून्यावरून जाण्याचा नाही.

गौरव सरांचा फोन बंद.

ममता मॅडम भल्या बाई. माल त्यांच्याच गिऱ्हाइकाचा. म्हणाल्या, "घे, पडले बाहेर." मी लगेच आत शिरायला गेलो. नकार! असं कसं? पुन्हा केलं. नकार. तेवढ्यात बोरसे साहेबांचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. "शंतनुभाऊ, लागला नंबर! आज रविवार म्हणून सकाळपासून सारखं एंटर दाबत बसलो होतो."

"साहेब, बाहेर पडा. ट्रक अडकलेत."

"भाऊ, तीन आठवडे वाट पाहिली. घरात सगळ्यांना दाखवलं आत्ता. मुलीला पेढे आणायला पाठवलंय. संध्याकाळपर्यंत तरी राहू दे."

खाली झिपरूचे पाहुणे जमले होते. मी टाकीवर बसून कुणाला विनवतोय ते त्यांना समजेना. झिपरूच्या आईला वाटलं घरभरणीत काही कमी पडलं म्हणून रुसून वर बसलो. तिने शिडीवर ताट पाठवलं.

शेवटी देवस्थळी साहेब. ते नाशिकला फ्लॅट बघायला गेले होते. गुंतवणूक असणार. सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"लॅपटॉप सामरवरणीला घरी आहे. उघडाच ठेवलाय."

"मग विद्या मॅडमना सांगू का, बाहेर पडायला?"

"शंतनु, दुसरं काहीही कर. मला काढू नकोस."

तरी मी साहेबांच्या पत्नीला, विद्या मॅडमना, फोन केला. त्या म्हणाल्या, "अरे, त्याला पासवर्ड आहे, मला कुठे माहीत? झाकण लावू नकोस, वीज घालवू नकोस, म्हणून बजावून गेलेत. मी त्याच्या भोवतीने केर काढते." मग हळूच विचारलं, "काय आहे रे त्यात? रोज येऊन त्याच्यासमोर बसतात. मी विचारलं तर म्हणतात, हजेरी आहे."

झिपरूने स्वतःच्या घरभरणीतून मोटारसायकल काढली. मला मागे बसवून कारखान्यात आणलं. गेटबाहेर ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते. सर्व्हर रूमशी रसिका उभी. आज ड्यूटीवर तीच अधिकारी. मी निळी तार लावली आणि मागच्या दाराने आत शिरलो. वजनकाट्याचं दार उघडायचा हुकूम दिला.

नाही. कडी लागलेली होती. कडी लावणारा, लाइन नंबर एक.

साहेबांनी नाशिकला जाण्याआधी कडी लावली होती. मीच शिकवलेली.

"उघडत नाही का?" रसिकाने विचारलं.

"उघडेल. पण त्यासाठी साहेबांना काढावं लागेल."

"मग काढ."

"ते नको म्हणालेत. स्पष्ट सांगितलंय. माझं कन्फर्मेशन..."

तिने माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. दारात खुर्ची ओढून माझ्याकडे पाठ करून बसली. म्हणाली, "मला इथून काही दिसत नाही."

मी टाइप केलं: क्लिअर लाइन एक. स्विचने विचारलं, नक्की का? तो नेहमीच विचारतो, पण आज वाटलं, मलाच विचारतोय. माझ्या डोळ्यांसमोर साहेबांचा तो चष्मा पुसणारा हात आला. बाहेर हॉर्न. मी एंटर दाबलं.

कडी निघाली. वजनकाटा सुरू झाला. पहिला ट्रक हलला तेव्हा झिपरू गेटवरून ओरडला. माल पोचला. आत्ताच ममता मॅडमचा मेसेज आला.

तरी जेवण गेलं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी काढलं, आणि तेही कुणाला!

सोमवार, ३ फेब्रुवारी

सकाळीच गौरव सरांनी केबिनमध्ये बोलावलं. ही केबिन म्हणजे कॉन्फरन्स रूमच आहे, त्यांची अजून तयार व्हायची आहे म्हणे. मला वाटलं, संपलं आता. ते उठून उभे राहिले आणि माझा हात हातात घेतला.

"तू देवस्थळींना काढलंस? खरंच? एका बटणात?"

"सर, इलाज नव्हता..."

"अरे, आम्ही सहा महिने प्रयत्न करतोय!"

सहा महिने? साहेब तर महिनाभरापूर्वीच आत आले. मी तसं म्हणालो. गौरव सर इतके हसले की बूट टेबलाला लागला.

त्यानंतर त्यांनी फर्मान काढलं की शंतनु सोडून सगळ्यांनी बाहेर. सगळे निमूट बाहेर पडले. मला वाटलं होतं भांडणं होतील. पण गौरव सरांनी आजच मोबाइलवर 'कोअर टीम' नावाचा ग्रुप काढला आहे, आणि त्यात चौघांनाच घेणार आहेत. भावेशभाई दुपारपासून त्यांच्या खोलीबाहेर उभे आहेत. बोरसे साहेब पेढ्यांचा पुडा घेऊन आले होते, तो त्यांनी तिथे दिला.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मला मेमो मिळाला. "जनरल मॅनेजर यांना पूर्वसूचना न देता रविवारी दुपारी काढल्याबद्दल खुलासा करावा." सही साहेबांची. रसिकाने हातात देताना सांगितलं, "हा मुंबईला गेला तर ते तुला बढती देतील. म्हणून मी तो फाइललाच लावते."

मला काही समजेना. मेमोवर बढती कोण देतं?

मग ती दार लावून माझ्यासमोर बसली आणि लहान मुलाला सांगतात तसं सांगितलं. मेलच्या ग्रुपमधून नाव. केबिनची मापं. कंपनीच्या नवीन कॅलेंडरवर दर वर्षी असणारे साहेबांचे दोन शब्द यंदा नव्हते, ते. नाशिकचा फ्लॅट. एकेक करून. महिनाअखेर त्यांचा शेवटचा दिवस, हेही.

"तुला आधीच माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं, शंतनु. साहेबांनासुद्धा. तुझ्याशिवाय."

मी म्हणालो, मग मी त्यांना सिस्टिम व्यवस्थित आहे म्हणून सांगितलं ते? ती म्हणाली, हो, ते तू सांगितलंस.

मी तसाच साहेबांकडे गेलो. माफी मागायची होती, पण सुरुवातच जमेना. तेच बोलले.

"एक विचारू? मी गेलो तेव्हा स्क्रीनवर नेमकं काय दिसलं रे?"

"काही नाही साहेब."

"काहीतरी दिसलं असेल."

"ओके, साहेब. फक्त ओके असं आलं."

"ओके," ते म्हणाले. मग हसले. मोठ्यांदा नाही, पण पोट हलेपर्यंत. "चोवीस वर्षं, आणि ओके. बरं आहे. मला वाटलं होतं, काहीतरी मोठं येईल."

मी म्हणालो, "साहेब, महिनाअखेरपर्यंत तुम्हाला परत आत घेतो."

"गौरव काय म्हणेल?"

"त्यांना यादी बघता येत नाही. त्यांना मी काढलंय."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. "नंबर कितीवर?"

"शून्य मोकळं आहे, एकही मोकळा आहे. तुम्ही म्हणाल तो."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "तू आधी जा. मी येतो मागून."

मी शून्य घेतलं. साहेब एकवर आले. यादीत आम्ही दोघंच.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

कन्फर्मेशन आलं. एकाच फाइलमध्ये खाली मेमो, वर अभिनंदनाचं पत्र. दोन्हींवर साहेबांचीच सही. आईला सांगितलं. ती म्हणाली, "ते बटन बसाडाना पगार वाढना का?" मी हो म्हणालो.

रसिकाने विचारलं, पार्टी कुठे? मी म्हणालो, तू म्हणशील तिथे. ती म्हणाली, आज पहिल्यांदा तू नाही म्हणायला हवं होतंस, मी जागा महाग निवडणार आहे. तिला काय म्हणायचं होतं ते घरी येईपर्यंत विचार करूनही नीट कळलं नाही. पण वाईट नव्हतं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

निरोप समारंभ सकाळीच उरकला. नारळ, शाल, भावेशभाईंचं भाषण. गौरव सर दोनदा घड्याळ बघून गेले. साहेब दोनच वाक्यं बोलले आणि सामरवरणीला सामान आवरायला गेले.

दुपारी विद्या मॅडमचा फोन. "टेम्पो भरून उभा आहे. ड्रायव्हर तक्रार करतोय. कंपनीचा माणूस लॅपटॉप न्यायला आलाय, तो ओट्यावर बसलाय. आणि हे त्या काळ्या पडद्यासमोरून उठतच नाहीत. तू काढून टाक ना यांना. त्या दिवशी काढलंस तसं."

लगेच गौरव सरांचाही फोन, त्यांना त्या माणसाने कळवलं असणार. तेच. "क्लिअर कर यार."

मी म्हणालो, "नाही."

माझ्या तोंडून आलं याचं मलाच आश्चर्य वाटलं. ते "काय?" म्हणाले. मी म्हणालो, "सर, आत्ता नाही," आणि फोन ठेवला. कान गरम झाले होते.

आत शिरलो. यादीत शून्यावर मी, एकवर साहेब. स्विचमध्ये एक सोय आहे, आत असलेल्या दुसऱ्या माणसाच्या पडद्यावर दोन ओळी पाठवता येतात. मी ती कधी वापरली नव्हती, लागलीच नव्हती. देवनागरी येत नाही त्यात, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं. आधी लिहिलं, साहेब, टेम्पो आला आहे. ते पुसलं. मग लिहिलं, आपल्या सेवेबद्दल कंपनी आपली आभारी आहे. तेही पुसलं, कारण ते मी कसं सांगणार?

शेवटी पाठवलं ते असं: "साहेब, मी शंतनु. तुम्ही आत आहात तोवर मी पण आत आहे. सावकाश आवरा."

त्यांना उत्तर पाठवायची सोय मी शिकवली नव्हती. काही केलं असेल तर स्विचने 'हा हुकूम समजला नाही' म्हटलं असेल त्यांना. मी वाट बघत बसलो. मधे रसिका येऊन चहा ठेवून गेली. पुन्हा यादी बघितली, दोन्ही नावं होती. चहा प्यालो. पुन्हा बघितली.

एकवर कुणी नव्हतं. मी काढलं नव्हतं.

नोंद बघितली. लाइन एक, देवस्थळी, स्वतः बाहेर पडले.

मीही बाहेर पडलो. खाली वजनकाट्यावर ट्रक चढत होता, आणि डब्यावरचे हिरवे दिवे नेहमीसारखेच लुकलुकत होते. आत कुणीही नव्हतं, आणि काही अडलं नव्हतं.